उचल, वाडी आणि सातबारा : एका गुरुजींच्या पत्राला उत्तर

रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीच्या शाळेवर असलेल्या गुरुजींचे पत्र आले. थोडक्यात असे : वाडीत चौतीस घरे. वाडी ज्या जमिनीवर आहे तिच्या सातबाऱ्यावर शेजारच्या गावातल्या मालकाचे नाव आहे, आणि पावसाळा संपला की कुंपण घालणार असे तो सांगून गेला आहे. गेल्या दिवाळीनंतर नऊ कुटुंबे दुसऱ्या जिल्ह्यातल्या वीटभट्टीवर गेली. त्यातले एक जोडपे बाईच्या आजारपणामुळे मार्चमध्येच परत आले. आता मुकादम (भट्टीमालकासाठी मजूर जमवणारा) येऊन "पंधरा हजार फिरले आहेत, ते टाका नाहीतर यंदा पुन्हा चला" म्हणतो. फिरले म्हणजे उचलीपैकी, आगाऊ घेतलेल्या पैशांपैकी, अंगावर उरले. त्यांचे रेशनकार्ड त्याच्याकडेच आहे. अकरा घरांचे वनहक्काचे दावे "पुरावा नाही" असा शेरा मारून परत आले आहेत. गुरुजींचे दोन प्रश्न आहेत. आधी कुठल्या कचेरीत जायचे? आणि दुसरा, जो त्यांनी जरा संकोचून विचारला आहे : उचल घेतली हे तर खरे, मग ती फेडायला नको का?

गुरुजी, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचे उत्तर मनात पक्के नसेल तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर कचेरीच्या दारातच डळमळते. समोरचा अधिकारीही नेमके हेच विचारणार आहे : "पैसे घेतलेत ना? मग?"

हिशेब मांडून बघू. आकडे समजा म्हणून धरतो, तुम्ही त्या जोडप्याला विचारून खरे भरा. जोडीने चाळीस हजार उचल घेतली. दीडशे दिवस काम केले, रोज हजार वीट पाडली. हजारी सातशे रुपये दर धरला तर एक लाख पाच हजार झाले. आठवड्याला दीड हजार खर्ची, म्हणजे खाण्यापिण्याचे पैसे, मिळाली, अठ्ठावीस आठवड्यांचे बेचाळीस हजार. उचल आणि खर्ची वजा केली तरी भट्टीमालकच त्यांचे तेवीस हजार देणे लागतो. वहीत मात्र यांच्याच नावावर पंधरा हजार फिरलेले दिसतात. मधले अडतीस हजार गेले कुठे? पावसाच्या सरीने भिजलेली वीट मोजली नाही. फुटीपोटी हजारामागे शंभर जास्त घेतली. डॉक्टरचे, मुकादमाच्या कमिशनचे, दारूचे पैसे लावले. वही मालकाची, लिहिणारा मालकाचा आणि अंगठा यांचा. तुमचे जोडपे मार्चमध्ये आले म्हणजे त्यांचे दिवस कमी भरतील, पण वजाबाकीची रीत हीच आहे.

आता यात किमान वेतन घाला. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून वीटभट्टीचा चालू दर लेखी मागून घ्या. माणशी रोज चारशे धरले तरी दोघांचे दीडशे दिवसांचे एक लाख वीस हजार होतात. म्हणजे कबूल केलेला हजारी दरच मुळात कमी होता. आणि मातीचे गोळे वाहणारी दहा वर्षांची पोरगी यात धरलेलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेले काम हे घटनेच्या कलम २३ मधले सक्तीचे काम आहे. मग हातात बेडी नसली, मजूर स्वतः टेम्पोत चढून गेलेला असला तरीही. पोटाची गरज हीसुद्धा सक्तीच, असे न्यायालय म्हणाले.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा याच्याही पुढे जातो. आगाऊ रक्कम घेतली आणि तिच्यापोटी नाममात्र मजुरी, दुसरीकडे काम करायला बंदी, किंवा हिंडाफिरायला बंदी, यातले एक जरी असले तरी ती वेठ. अशा वेठीतले कर्ज कलम ६ ने संपते. माफ होते असे नव्हे, ते कायद्याच्या नजरेत उरतच नाही. त्यापोटी काढून घेतलेली वस्तू परत द्यावी लागते. संपलेले कर्ज वसूल करणे हा कलम ९ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि कलम १५ कचेरीत मोठ्याने वाचून दाखवा : हे वेठीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर, म्हणजे इथे भट्टीमालकावर आहे. मजुराने वहीची प्रत आणून द्यायची नसते.

तेव्हा त्या जोडप्याने एक रुपयाही देऊ नये. पन्नास रुपयेही नाहीत. थोडे दिले की "देणे कबूल आहे" असा अर्थ निघतो, आणि मुकादमाला तेवढेच हवे असते.

मुकादमाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. तो बहुतेक वेळा पलीकडच्याच वाडीतला, नात्यातला असतो, आणि स्वतः मालकाच्या वहीत अडकलेला असतो. त्याला शत्रू नंबर एक करून वाडी फोडू नका. मी पाहिलेल्या निम्म्या प्रकरणांत शेवटी त्याचाच जबाब कामी आला.

आता कचेरी. इथे मी पूर्वी केलेली चूक सांगतो. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी, मी नवा होतो तेव्हा, कोळसाभट्टीवरून सात कुटुंबे सोडवून आणली. मुक्तता प्रमाणपत्रे मिळाली, वाडीत नारळ फुटले. पुढच्या दिवाळीनंतर त्यातली पाच कुटुंबे दुसऱ्या भट्टीवर निघून गेली. मला राग आला होता. नंतर नीट विचारले तेव्हा कळले की पावसाळ्यात जमीनमालकाने पायवाट बंद केली होती, आणि ज्या वरकस उतारावर ते नाचणी-वरी करत तिथे वनखात्याने चर खणले होते. श्रावणात घरात दाणा नव्हता. मुकादम पाच हजार घेऊन आला तो देवासारखा. मी कर्ज तोडले होते, पण कर्ज घ्यायला लावणारी गोष्ट तशीच ठेवली होती.

त्यामुळे तुमच्या तीन अडचणी मला तीन वाटत नाहीत. उचल पावसाळ्यात घेतली जाते, कारण पायाखाली जमीन नाही. आणि उचल घेतलेला माणूस नोव्हेंबर ते मे वाडीत नसतो. नेमके त्याच महिन्यांत वनहक्काची स्थळपाहणी होते, मोजणी येते, कुंपण पडते. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी गणसंख्या लागते, त्यात एक तृतीयांश महिला. शिवाय दाव्यांवर ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर हवेत. वाडी भट्टीवर असताना ही सभा कशी भरणार? भरली असे कागदावर दाखवतात, आणि मग "दावेदार गैरहजर, पुरावा नाही" हा शेरा येतो. तुमच्या अकरा दाव्यांच्या स्थळपाहणीची तारीख काढा. डिसेंबर ते मे यातली निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

इथे तुमच्याकडे एक असा कागद आहे जो तहसीलदारापाशीही नाही : शाळेचे हजेरीपत्रक. दिवाळीनंतर कुठल्या पोरांच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागली आणि ती कधी परत आली, हे त्यात तारखेनिशी आहे. वेठीच्या प्रकरणात तोच कुटुंब बाहेर असल्याचा पुरावा, आणि स्थळपाहणी कुटुंबाच्या मागे झाली याचाही तोच पुरावा. जुने जनरल रजिस्टर असेल तर आजोबा-वडिलांची नावे, जात आणि वाडीचे नाव मिळते, म्हणजे वास्तव्याचा पुरावा. मुख्याध्यापकांच्या सहीचा उतारा घ्या. तुम्ही सरकारी नोकर, तेव्हा अर्जदार तुम्ही होऊ नका. अर्ज त्या जोडप्याचा आणि वाडीचा. तुम्ही फक्त तुमच्या दप्तरातला कागद दिला आहे, बाकी काही नाही.

पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत प्रांतांना. विषय सरळ लिहा : वेठबिगारीतून मुक्तता प्रमाणपत्र मिळणे व भट्टीवर अजून अडकलेल्यांची सुटका. "मजुरी थकली" असे लिहिलेत की फाईल कामगार कार्यालयात जाते आणि तिथे तडजोड होते, पाच हजार घ्या आणि सही करा. भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून हे त्यांच्याकडे बोट दाखवतील आणि ते यांच्याकडे. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना एकाच दिवशी अर्ज द्या आणि प्रत्येकावर दुसऱ्याची प्रत दिल्याचे लिहा. आपल्या हद्दीत वेठ आहे का याची चौकशी करणे कलम १२ ने प्रत्येक जिल्हा दंडाधिकाऱ्याचे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याचेच, कर्तव्य ठरवले आहे, ती त्यांची मर्जी नव्हे.

अर्जासोबत जबाब जोडा, आणि तो त्यांच्याच भाषेत घ्या. "माझी पिळवणूक झाली" असे कुणी कातकरी म्हणत नाही, ते वाक्य वाचले की अधिकाऱ्याला कळते की लिहिणारा दुसरा आहे. कोण आले, उचल कुणाच्या ओट्यावर मोजून दिली, टेम्पो कुठे थांबला, झोपडी कशाची होती, पाणी कुठून आणत होतात, बाजाराला दोघांना एकदम सोडत होते की एकाला मागे ठेवत होते, बाई आजारी पडली तेव्हा मालक काय म्हणाला. एकाला मागे ठेवण्याची गोष्ट नक्की विचारा. हिंडाफिरायला बंदी होती हे त्या एका उत्तरात येते, आणि मजुरांना ती इतकी नेहमीची वाटते की आपणहून कुणी सांगत नाही.

पैशाचे सांगतो म्हणजे वाडीत खोटी आशा जाणार नाही. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व बालकांना २ लाख, आणि अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये आहेत. पण पूर्ण रक्कम मालकावरचा गुन्हा शाबीत होण्याला बांधली आहे, आणि ही अट घालणाऱ्याने कधी भट्टी पाहिली असेल असे मला वाटत नाही. तात्काळ मदत मात्र निकालावर अवलंबून नाही. ती आधी २० हजारांपर्यंत होती, २०२२ पासून ३० हजारांपर्यंत आहे. तिच्यासाठी जिल्ह्यात स्वतंत्र निधी ठेवायचा असतो. अर्जात ही मागणी वेगळ्या ओळीत करा.

याच योजनेतला एक भाग बहुतेक लोक वाचतच नाहीत. रोख रकमेखेरीज पुनर्वसनात घरासाठी जागा, शेतजमीन आणि घरकूल यांचाही समावेश आहे. तुमच्या तीन अडचणी इथे एका फाईलमध्ये येतात. मुक्तता प्रमाणपत्राच्या अर्जातच लिहा की आम्ही राहतो ती वाडी खाजगी जागेत आहे, मालक उठवू पाहतो, आमचे वनहक्क दावे प्रलंबित आहेत, आणि पुनर्वसनाचा भाग म्हणून वाडीची जागा कायम करून मिळावी. महसुलाचा अधिकारी तोच असतो, टेबले वेगळी असतात. ती टेबले एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून ती आपल्याच अर्जात एकत्र आणायची.

वाडीची जागा. रायगड-ठाण्यात कितीतरी कातकरी वाड्या अशाच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहेत. पूर्वीच्या मालकाला जंगलतोडीला, शेताला माणसे हवी होती, त्याने "इथे बसा" म्हटले आणि चार पिढ्या बसल्या. जमिनीला फार्महाऊसचा भाव आला तेव्हा हीच माणसे अतिक्रमण ठरली. कुळकायद्याच्या कलम १६ ते १८ मध्ये कुळांच्या आणि शेतमजुरांच्या राहत्या घरांना आणि घराखालच्या जागेला संरक्षण आहे. त्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात, म्हणून वाडीला गावठाण म्हणून घोषित करण्याची मागणीही करा. दोन्ही वाटा लांब आहेत, वर्षे जातात. पण अर्ज दाखल असला की कुंपणाच्या दिवशी तुमच्या हातात एक क्रमांक असतो, आणि पोलीस पाटलाशी बोलायला तो फार उपयोगी पडतो.

ग्रामपंचायतीचा नमुना आठचा (घराच्या नोंदीचा) उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजमीटर, मतदारयादी, अंगणवाडीची नोंद, जे मिळेल ते प्रत्येक घराचे वेगळे करा. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत कातकरींना पक्की घरे आहेत, कारण महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिम गटांत ते आहेत, कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत. पण घर मंजूर होते आणि जागा नावावर नाही म्हणून अडते. तुमच्याकडे अशी अडलेली मंजुरी असेल तर ती पत्रेसुद्धा जोडा. सरकारच मान्य करते आहे की हे कुटुंब इथले.

आणि एक सक्त ताकीद. वाडीत कुणीही कोऱ्या स्टॅम्पपेपरवर, किंवा "फक्त पाण्याच्या टाकीसाठी" म्हणून आणलेल्या कागदावर, अंगठा देऊ नये. उचलीचा वायदा आणि जागा सोडल्याचे संमतीपत्र एकाच दिवशी, एकाच ओट्यावर झालेले मी पाहिले आहे. मुकादम आणि जमीनमालक एकमेकांचे पाहुणे होते. तुमच्याकडे तसे नाते आहे का ते बघा. भट्टीवाल्यानेच राहायला जागा दिली असेल आणि ती वेठीचा मोबदला असेल, तर मुक्त झालेल्याला त्या घरातून काढता येत नाही असे वेठबिगार कायद्याचे कलम ८ सांगते. तुमच्या प्रकरणात ते बहुधा लागू होणार नाही, पण नाते निघाले तर चित्र बदलेल.

आता वनहक्क. "पुरावा नाही" हा शेरा दावा फेटाळायला पुरेसा नाही. उपविभागीय समितीला काही अपुरे वाटले तर दावा ग्रामसभेकडे फेरविचाराला परत पाठवायचा असतो. फेटाळलाच तर कारणांसह लेखी, आणि दावेदाराला व्यक्तिशः कळवायचे, म्हणजे त्याला ६० दिवसांत अपील करता येते. तुमच्या लोकांना असा कागद मिळालाच नसेल तर साठ दिवस सुरूच झालेले नाहीत, हे अपिलाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे, त्या आधीचा ताबा दाखवायचा. तीन पिढ्यांची अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे, कातकरींना नाही. अजूनही काही समित्या ती मागतात.

पुरावा म्हणजे फक्त वनखात्याच्या दंडाची पावती नव्हे. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये दावेदार सोडून इतर वयस्क माणसांचे लेखी जबाब चालतात, जमिनीवरच्या खुणा चालतात : बांध, मसणवट, देवाचे ठाणे, जुने घरचौथरे. उपग्रहाचे चित्र जोडपुरावा आहे, इतर पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही. आपल्या सह्याद्रीच्या उतारावर वरीचे शेत दोन-तीन वर्षे पडीक ठेवतात, ते चित्रात जंगल दिसते. म्हणून पाहणी पावसात व्हायला हवी, पीक उभे असताना.

रायगडमध्ये आणखी एक गोष्ट बघायची ती म्हणजे दळी. इंग्रजी अमलात जंगल राखीव केले तेव्हा कातकरी-ठाकरांना फिरतीच्या शेतीसाठी दळीचे पट्टे दिले गेले, बऱ्याचदा अनेक कुटुंबांची दळी एका म्होरक्याच्या नावावर. वाडीतल्या म्हाताऱ्यांना "दळी कुणाची होती?" एवढेच विचारा, नाव निघेल. मग त्या नावाने जुने दप्तर मागा. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जुने पट्टे आणि अनुदाने मालकीहक्कात बदलून देण्याची तरतूद आहे, म्हणजे हा अतिक्रमणाचा दावाच राहत नाही. व्यक्तिगत पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे लागली पाहिजेत, ते तपासा. तो पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही, म्हणजे मुकादमाकडे गहाणही पडत नाही. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणालाही काढता येत नाही, कलम ४(५).

रायगड घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात नाही. त्यामुळे पालघर-शहापूरच्या कार्यकर्त्यांकडून ऐकलेल्या काही गोष्टी, पेसाची (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याची) ग्रामसभा किंवा २०२० च्या अधिसूचनेतली विभागीय अपील समिती, तुम्हाला जशाच्या तशा लागू नाहीत. वनहक्क आणि वेठबिगार हे दोन्ही कायदे मात्र सगळीकडे आहेत. ॲट्रॉसिटी कायद्याचेही तसेच : आदिवासीकडून बिगार करून घेणे आणि त्याला जमिनीवरून बेकायदा हुसकणे, दोन्ही कलम ३ मध्ये गुन्हे आहेत. माझे मत असे की तक्रार देताना त्याची कलमे लिहावीत, पण सुरुवात त्याने करू नये. पहिल्याच दिवशी गाव दोन तट होते आणि ज्यांचे जबाब हवेत ते शेजारी गप्प होतात.

वकिलाला पैसे लागणार नाहीत. तालुका विधी सेवा समितीकडून अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि बिगारीच्या बळींचा त्या कायद्यात वेगळा उल्लेख आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे की वाडीतले म्हातारे म्हणतात, हे पूर्वीपासून असेच आहे. आहेच. उत्तरेला, डहाणू-तलासरीत, लग्नासाठी चार पैसे घेतलेला वारली नवरा-बायको दोघे मिळून जन्मभर सावकाराकडे राबायचा, त्याला लग्नगडी म्हणत. मुंबई सरकारच्या सिमिंग्टन साहेबाने १९३९ च्या अहवालात ते नोंदवले, काही झाले नाही. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांसोबत वारल्यांनी वेठ नाकारली, तलवाड्याला १० ऑक्टोबरला गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण गेले, आणि लग्नगडीची पद्धत मोडली. तेव्हाही लोकांनी वेठ आणि जमीन वेगळी धरली नव्हती. म्हाताऱ्यांना ही गोष्ट सांगा, त्यांना ती कुणी सांगितलेली नसते.

तुमच्यापुढे वेळ कमी आहे. मुकादम गणपतीच्या आसपास नवी उचल घेऊन येईल. त्याच्या आधी तीन गोष्टी व्हाव्यात : वाडीची बैठक आणि जबाब, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज, आणि वनहक्क समितीला पीक उभे असताना फेरपाहणीची मागणी. खावटीसाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या धान्याच्या मदतीसाठी, तहसीलदारांना वेगळा अर्ज द्या, रेशनकार्ड अडकवल्याची तक्रार त्यातच घाला आणि दुय्यम कार्ड मागा. घरात तांदूळ असला तर उचल नाकारता येते. ज्यांना तरीही जावेच लागेल त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आताच टाका, दिवाळीनंतर टाकलेला मार्चमध्ये मंजूर होतो.

प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच घ्या. "साहेब आल्यावर या" म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा. पोचेच्या झेरॉक्स वाडीत दोन वेगळ्या घरांत ठेवा, युरियाच्या पिशवीत गुंडाळून, आढ्याला बांधून. पत्र्याखाली ठेवलेले कागद श्रावणात भिजतात. एक प्रत मला पाठवा.